हौदातल्या पाण्याचा चढ

“रेषा काढायला दोन बिंदू पुरतात,” असं जहांआरा मॅडमनी वर्गात सांगितलं आणि रूपाने ते वाक्य मनावर घेतलं. दहावीच्या भूमितीतलं तेवढं एकच वाक्य तिला पहिल्या झटक्यात कळलं होतं. एरवी तिचं उत्तर बरोबर आलं तरी तिला ते चूकच वाटे. मग ती ते खोडून दुसरं लिहायची. मॅडम तिच्या वहीत लाल शाईने शेरा मारत, ‘खोडलेलं बरोबर होतं.’

पूर्वपरीक्षा तोंडावर आली होती आणि ‘रेषेचा चढ’ काही डोक्यात शिरत नव्हता. सोमवारी शेंद्र्याला कंपनीत जायला निघालेल्या तिच्या पप्पांनी, इंद्रजीतने, बूट घालता घालता तोडगा काढला.

“पुस्तकातल्या रेघा कशाला पाहिजेत? आपल्या हौदाचं पाणी घे की. आडव्या रेघेवर दिवस, उभ्या रेघेवर पाणी. दिवसाला किती उतरलं, तोच चढ. पण हातानं करायचं. मोबाइलला शिवायचं नाय.”

कल्पना चांगली होती. मुलांच्या हातात ओळखीची वस्तू दिली की निम्मं गणित आपोआप सुटतं. उरलेलं निम्मं मात्र त्या वस्तूच्या मर्जीवर असतं.

हौद अंगणात, जमिनीच्या खाली होता. नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं, कधी त्याहून उशिरा. आलं की हौद काठोकाठ भरून घ्यायचा आणि पुढचं पाणी येईपर्यंत पुरवायचा, ही त्या गल्लीतल्या प्रत्येक घराची रीत. हौदाचं तोंड ताटाएवढं आणि आत मिट्ट काळोख. नुसतं वाकून काही अंदाज यायचा नाही. म्हणून एक बांबूची काठी ठेवलेली होती. ती तळाला टेकली की वरचं टोक बरोबर हौदाच्या तोंडाशी यायचं. रूपाच्या आत्याने, अमृताने, तिच्यावर लाल नेलपॉलिशने सारख्या अंतरावर बारा खुणा केल्या होत्या. काठी बुडवायची, वर काढायची आणि कुठवर ओली झाली ते बघायचं.

सोमवारी मम्मीने, म्हणजे विशाखाने, नोकरीवर जाण्याआधी काठी बुडवली. “अकरा!” ती ओरडली. रूपाने हौदाशेजारच्या भिंतीवर खडूने दोन रेघा मारून पहिला बिंदू काढला. रविवारी पाणी आलं होतं, म्हणून सोमवार म्हणजे एक, पाणी अकरा. दुसरा बिंदू तिने गुरुवारी घ्यायचं ठरवलं. गुरुवारी मम्मी लवकर गेली आणि शाळेची वेळ झाली, तेव्हा रूपा वेणी घालत घरातूनच ओरडली, “आजी, काठी बुडवून किती ते सांग ना!”

केसरबाई आजीने काठी बुडवली, डोळ्यांजवळ धरली, खुणांवरून बोट फिरवलं. “चार गं!”

संध्याकाळी रूपा भिंतीसमोर उकिडवी बसली. पाण्याचा फरक भागिले दिवसांचा फरक. चार वजा अकरा, उणे सात. चार वजा एक, तीन. उणे सात भागिले तीन. उणे! पाणी उतरतं म्हणजे चढ ऋण यायलाच हवा, आणि तो आलाही होता. पहिल्यांदाच तिला आपलं उत्तर खोडावंसं वाटलं नाही. दिवसाला दोन खुणांहून जास्त पाणी जातंय आणि चारच उरल्यात, म्हणजे…

तिचा आनंद तिथेच संपला.

“पप्पा,” जेवताना ती हळूच म्हणाली, “हौद शनिवारी आटणार.”

विशाखाच्या हातातली भाकरी तशीच राहिली. “शनिवारी? अन् पाहुणे रविवारी!”

अमृता खाली मान घालून ताटातला भात चिवडू लागली. ती दवाखान्यात नर्स होती. तिथेच औषधं पोचवायला येणाऱ्या सुगतशी तिचं जुळलं होतं. पोराला पोरगी पसंत होती, पोरीला पोरगा पसंत होता, अडलं होतं ते सुगतच्या आईपाशी. सत्यभामाबाईंची ख्याती अशी, की त्या कुणाच्या घरी गेल्या की आधी मोरी बघतात आणि मग माणसं. एका घरी त्यांना पेल्याला चहाचा डाग दिसला आणि त्या चहा न घेता उठल्या होत्या. रविवारी त्या घर बघायला येणार होत्या. अमृताने आठवडाभर मोरी घासली होती, आणि घासलेल्या मोरीत ओतायला पाणीच नसणार होतं!

“मला तर पुष्कळ वाटलं बाई पाणी,” आजी म्हणाली. “पण पोरीचं गणित म्हणतंय तर खरंच असंल. आपल्याला काय कळतंय.”

इंद्रजीतने पाठकोऱ्या कागदावर भागाकार करून पाहिला. “गणित बरोबर आहे. एकदा पुन्हा काठी घालून बघू का?”

“काही गरज नाय!” आजीने अडवलं. “दिवेलागणीनंतर झाकण उघडलं की झुरळं पडतात आत. त्याच पाण्याचा पाहुण्यांना चहा पाजायचा हाय.”

“पण आई, नेहमी आठवडा पुरून उरतं. याच आठवड्यात कुठं चाललंय?”

मग विशाखा म्हणाली, “गळती.”

“गळती तर गळती, पण मुरतंय कुठं?” आजीने आवाज खाली आणला. “भिंतीपलीकडं जहांआराचा कढीपत्ता बघितला का? लई माजलाय.”

“आजी! मॅडमनी खत घातलंय त्याला.”

“खताला पाणी लागतं, बाळा.”

जहांआरा मॅडमचं घर शेजारीच होतं, मध्ये एकच भिंत. ईदचा शीरखुर्मा आणि भीमजयंतीची खीर याच भिंतीवरून इकडेतिकडे व्हायची. आता तिच्या एका भागाकारामुळे मॅडम पाणीचोर ठरत होत्या, आणि त्याच मॅडम तिचा पेपर तपासणार होत्या.

शुक्रवारी घरात आणीबाणी लागली. आंघोळी बंद. जेवण पत्रावळींवर. आदल्या रात्री केसांना तेल थापून बसलेल्या अमृताला केस धुवायला मनाई झाली. ती डोक्याला फडकं बांधून कामावर गेली, तर तिथल्या पेशंटने तिलाच विचारलं, “सिस्टर, तुम्हाला कुठं लागलं?” इंद्रजीतने पेलाभर पाण्यात दाढी उरकली आणि ते पाणी फेकून न देता कुंडीतल्या झाडाला घातलं. आजीने मोरीच्या दारात खुर्ची टाकून ठाण मांडलं. आत जाणाऱ्या प्रत्येकाला ती विचारायची, “काय काम हाय? आत्ताच पाहिजे का?”

कामावरून आल्यावर इंद्रजीतने गळती शोधायला भिंतीला कान लावला. एवढ्यात पलीकडून मॅडमचा आवाज आला, “इंद्रजीतभाऊ, काय झालं? तब्येत बरी आहे ना?”

“हां, हां. भिंत गार आहे का बघत होतो.”

“हौ, गारच राहते ती. कढीपत्ता न्या ना थोडा, लई आलाय.”

“बघ,” आत आल्यावर आजी कुजबुजली. “आपल्याच पाण्यावरचा आपल्यालाच देतीय.”

शनिवारी दुपारी सगळे कामावर होते आणि आजी मोरीच्या दारातल्या खुर्चीवर डुलक्या घेत होती. रूपाने स्वतः झाकण सरकवलं. हौद आटलेला बघायचं धाडस होत नव्हतं, म्हणून डोळे मिटूनच तिने काठी सोडली. वर काढली आणि तळापासून मोजलं. एक, दोन, तीन… सात.

तिने पुन्हा मोजलं. काठी पुसून वाळवून पुन्हा बुडवली. सात.

घाबरत घाबरत तिने भिंतीवर सात लिहिला आणि चढ काढला. सात वजा चार, तीन. सहा वजा चार, दोन. तीन भागिले दोन. उणे नाही की काही नाही. चढ धन! हौदातलं पाणी वाढत होतं!

नळ आला नव्हता, पाऊस पडला नव्हता. भिंतीपलीकडे मॅडम कपडे वाळत घालताना दिसल्या. रूपाने टाचा उंचावल्या. “मॅडम, एक डाउट होता. पाण्याचा चढ धन येतो का?”

“येतो की. नळ चालू असला की येतो.”

“आणि नळ बंद असला तर?”

“मग आधी बिंदू तपास. कुणी घेतले, कसे घेतले ते बघ. कोणता हौद आहे?”

‘आमचाच’ हा शब्द रूपाच्या ओठांवर आला होता. पण आमचा म्हटलं की गळती निघणार, गळती निघाली की कढीपत्ता निघणार. “पुस्तकातला,” ती म्हणाली आणि खाली बसली.

मग तिने नेहमीचंच केलं. रेषा म्हणत होती, पाणी संपलेलं असायला हवं. काठी म्हणत होती, सात खुणा आहे. रूपाने काठीला खोटं ठरवलं. कालपासून काटकसर चाललीय, तेव्हा अगदीच शून्य नसेल, असा तिने विचार केला. ओढणीच्या टोकाने सात पुसला आणि त्या जागी एक लिहिला.

कंपनीतून पप्पांचा फोन आला. “रूपा, पाणी किती उरलंय?”

“एक.”

“एकच? मग छावणीतल्या मुबारकला टँकर सांगतो. उद्या सकाळी येईल.”

फोन ठेवल्यावर रूपाला वाटलं, हौदाचं काळं तोंड आपल्याकडेच बघतंय.

सकाळी लवकर येतो म्हणालेला मुबारक पाहुण्यांची वेळ होत आली तेव्हा उगवला. अंगणात रांगोळी घातलेली होती, पोह्यांना फोडणी बसली होती. अमृताने बाटलीच्या पाण्याने कसेबसे धुतलेले केस अजून ओले होते. मुबारकने जाडजूड पाइप खांद्यावरून उतरवला.

“हौद कितना खाली है, भाऊ?”

“सगळाच. सोड बिनधास्त.”

“पप्पा,” रूपा पुढे आली, “थोडं थांबता का? मला काहीतरी…”

“आता कशाला थांबायचं? पाहुणे निघालेत. जा, चपला नीट लाव तिथल्या.”

पाइप हौदात गेला, कॉक उघडला आणि मुबारक ओट्यावर चहा प्यायला बसला. रूपा झाकणाशी उभी राहिली. रिकाम्या हौदात पाणी पडलं की खोलवरून ढमढम घुमतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. आज घुमत नव्हतं. पाणी पाण्यावर पडत होतं, अगदी जवळ, आणि आवाज क्षणाक्षणाला वर येत होता. काल काठी खरं बोलत होती. ओरडावं तर सगळं सांगावं लागणार, न ओरडावं तर… तिच्या पावलांना गार लागलं. हौदाच्या तोंडातून पाणी उसळून बाहेर आलं होतं.

“पप्पाऽऽ! बंद करा! भरलाय!”

“इतक्यात कसा भरंल?” इंद्रजीत धावत बाहेर आला. “मुबारक, बंद कर!”

मुबारक कपासकट धावला. “दांडी तुटेली है ना भाऊ, पान्याने फिराना पडता! पाना किधर गया?” पाना त्याने सवयीने परत सीटखाली ठेवला होता, सीटवर ताडपत्री होती आणि ताडपत्रीची गाठ पक्की होती. तोवर अंगण भरलं. रांगोळी विरघळून फाटकाकडे निघाली, तिच्यामागून चपला निघाल्या. अंगणाला फाटकाकडे उतार होता, त्याने आपलं काम चोख बजावलं.

“पाणी! पाणी वाया चाललंय!” गल्लीत कुणीतरी ओरडलं. त्या गल्लीत आग लागली असती तरी एवढी माणसं धावली नसती. बादल्या आल्या, पातेली आली, एकाने तर कुकरचं भांडं आणलं. सगळ्यात आधी जहांआरा मॅडम आल्या, दोन्ही हातांत बादल्या घेऊन. त्यांना बघून रूपाला रडूच कोसळलं.

“मॅडम, चढ धन आला होता. मी पुसला. हौद पुस्तकातला नव्हता.”

मॅडमनी पाइप हौदातून बाहेर ओढून त्याखाली बादली धरली, पदर खोचला आणि भिंतीकडे बघितलं. “रडू नको. बिंदू दाखव. अकरा कुणी मोजलं?”

“मी,” विशाखा बादली भरता भरता म्हणाली. “तळापासून ओलं कुठवर आहे ते.”

“आणि चार?”

“मी मोजलं,” आजी म्हणाली. “वरून चार खुणा कोरडी होती काठी.”

सगळे आजीकडे बघायला लागले.

“वरून?” इंद्रजीतने विचारलं.

“मग कुठून? विहिरीचं पाणी किती खाली गेलं तेच बघतात. दोन परस गेलं, तीन परस गेलं, असं माणसाच्या उंचीनं मोजायचं. उरलं किती ते काय विहिरीत उतरून बघायचं? चार खाली गेलं होतं, मी चार म्हनले.”

“आई, मग आठ होतं हो पाणी!” विशाखा कपाळावर हात मारत म्हणाली. सून आल्यापासून दोघी एकाच काठीने पाणी मोजत होत्या, एक वरून, एक खालून. ‘पुरंल’ किंवा ‘पुरायचं नाय’ एवढंच एकमेकींना सांगत होत्या. आकडा बोलायची वेळ कधी आलीच नव्हती.

“आणि मला कामून विचारलं नाय कुणी?” आजी उखडली. “मी तर पहिल्याच दिवशी म्हनले, पुष्कळ हाय.”

मॅडमनी ओल्या बोटाने भिंतीवरच्या एकाकडे खूण केली. त्याच्या खाली पुसलेला सात अजून पुसटसा दिसत होता. त्यांनी खडू उचलला आणि शेजारी लिहिलं, ‘खोडलेलं बरोबर होतं.’ मग रूपाच्या हातात रिकामी बादली दिली. “चल, भर.”

एकदाचा पाना सापडला, कॉक फिरला, पाणी थांबलं. आणि तेव्हाच सगळ्यांना दिसलं, की फाटकाबाहेर एक गाडी कधीची उभी आहे. दारात साडीचा घोळ वर धरून सत्यभामाबाई उभ्या होत्या. त्यांच्यामागे त्यांचे यजमान पुंजाराम आणि सुगत. एक पोहणारी चप्पल येऊन सत्यभामाबाईंच्या पायाला लागली.

अमृता घोट्याएवढ्या पाण्यात बादली घेऊन तशीच थिजली. रूपाला वाटलं, आता या बाई वळणार, गाडीत बसणार, आणि आत्या जन्मभर आपल्याशी बोलणार नाही.

“जय भीम,” इंद्रजीत कसाबसा म्हणाला. “या ना. जरा… ओलं झालंय.”

सत्यभामाबाईंनी अंगणाकडे बघितलं, बादल्यांकडे बघितलं, मग हौदाच्या काठोकाठ भरलेल्या तोंडाकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. “एवढं पाणी,” त्या म्हणाल्या. “नातं जुळायच्या आधी मागू नये, पण डिकीत दोन कॅन हायेत. भरून घेऊ का?”

सुगतने कॅन आणले, अमृताने धरले, आणि दोघं इतक्या निवांतपणे भरायला लागले की मुबारकने तोंड फिरवून हसू लपवलं. सत्यभामाबाई मोरी न बघताच ओट्यावर टेकल्या.

“आमच्या हौदात सकाळी तीन होतं बघा,” त्या आजीला सांगू लागल्या. “मी काठी घातली अन् यांना सांगितलं, तर हे म्हणाले, पुरायचं नाय.”

“म्हणून तर टँकर सांगून आलोय,” पुंजारामांनी पोहे खाता खाता माहिती पुरवली. “झाकण उघडं ठेवलंय. तो येऊन सोडून जाईल, आपण नसलो तरी.”

रूपाच्या हातात काठी होती. विचारावं का? लहान तोंडी मोठा घास व्हायचा. पाहुणे रागावले तर? पण पुसलेला सात भिंतीवरून तिच्याकडे बघत होता.

“काकू,” ती म्हणाली, “तीन वरून का खालून?”

“म्हंजे?”

“वरून तीन खुणा कोरडी होती का तळापासून तीन खुणा ओली?”

“वरूनच की! पाणी किती खाली गेलं तेच बघतात ना?”

“आता बोला!” आजीने मांडीवर थाप मारली. “मी काय वेगळं सांगत होते?”

पुंजारामांचा चमचा हवेत राहिला. “वरून? अगं, मी खालून समजलो!”

त्यांच्या खिशातला फोन वाजला. पलीकडून त्यांचा शेजारी इतक्या मोठ्याने बोलत होता की अंगणातल्या प्रत्येकाला ‘पाणी’ आणि ‘जिन्यापर्यंत’ हे शब्द ऐकू आले.

मग एकच पळापळ झाली. अर्धे भरलेले कॅन डिकीत गेले. सुगतने गाडी चालू केली. सत्यभामाबाई एक पाय गाडीत ठेवून वळल्या. “पोरगी पसंत हाय हो! तारीख फोनवर बोलू.” मग त्यांची नजर रूपावर आली. “पण या काठीवालीला आत्ता पाठवा आमच्यासंगं. आमच्या घरात वरचं कोण अन् खालचं कोण, एकदा लावून देऊ दे तिला.”

विशाखाने रूपाचे ओले पाय पदराने पुसले. जहांआरा मॅडमनी तिच्या मुठीत खडू दिला. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली तेव्हा खिडकीतून बारा लाल खुणांची काठी बाहेर आलेली दिसत होती.

बादली हातात घेऊन अमृता फाटकात उभी होती. पसंत ती पडली होती, आणि सासरी निघाली होती रूपा.